बाटीच्या चाकांची गाडी

अक्का,

परवा झाशीच्या आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. माणसं खूप आली. कारखान्यातली आली, प्रेम नगरातली आली, टहरौलीच्या तुझ्या विद्यार्थिनी एका जीपमध्ये कोंबून आल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, मांडीवर घडी केलेला टॉवेल घेऊन. रुमाल पुरणार नाही, हे मीनानं घरूनच ठरवून दिलं होतं.

कारखान्यातले तुझे जुने साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, "विजयाताईंचं मोठेपण मी एका वाक्यात सांगतो. त्यांनी आम्हा सगळ्यांना धक्के सहन करायला शिकवलं."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मग आणखी कुणीतरी खोकलं. मला वळून बघायची गरज नव्हती. तुझ्या गाडीत कधी ना कधी बसलेली सगळी मंडळी तिथंच होती. साहेब बिचारे त्या गाडीत एकदाही बसले नव्हते, त्यामुळे आपण काय बोललो ते त्यांना कळलंच नाही. ते आणखी जोरात म्हणाले, "त्यांच्या सहवासात जो आला, तो पहिल्यासारखा राहिला नाही!" तेव्हा आपल्याकडची लग्नं-मुंजी लावणारे गुरुजी नकळत कंबर चाचपायला लागले, आणि मी टॉवेलात तोंड खुपसलं. माझे खांदे गदगदत होते. शेजारच्या सद्गृहस्थांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सँभालिए अपने आप को, भाईसाहब." त्यांचा हात पाठीवर होता तेवढ्यात हसण्याचं रडणं कधी झालं, ते मला समजलं नाही.

तुझा जन्म, तुझं शिक्षण, ट्रान्सफॉर्मर तपासण्याच्या विभागात एकट्या बाईनं काढलेली नोकरी, हे सगळं साहेबांनी सांगून झालंय. मला तुझ्याशी गाडीबद्दल बोलायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मध्येच उठून गेलीस. ही तुझी पद्धत नव्हे.

निवृत्तीनंतर तू दर आठवड्याला टहरौलीला जायला लागलीस, इंटर कॉलेजच्या मुलींना फिजिक्स शिकवायला, त्या तुझ्या जुन्या छोट्या गाडीनं. मग एके दिवशी, कुणाला काही न सांगता, ती गाडी विकलीस. आम्हाला वाटलं, बरं झालं, आता चारधाम करेल. तू दिल्लीला गेलीस आणि जर्मन गाडी घेऊन आलीस. सेकंडहँड, गडद निळी, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की गल्लीतलं मांजर तिच्याखालून जाताना वाकायचं.

मी दारातच विचारलं, "अक्का, ही खाली बसलीय का?"

"बसलेली नाही. स्पोर्ट सस्पेन्शन आहे. स्प्रिंगा आखूड आणि कडक. वळणावर गाडी झुकत नाही."

"आपल्याकडे वळणं कुठे आहेत? आपल्याकडे खड्डे आहेत."

"खड्ड्यातसुद्धा झुकत नाही," तू म्हणालीस, आणि माझ्यासाठी दार उघडलंस.

त्या पहिल्या फेरीचं वर्णन मी किती जणांना ऐकवलं असेल! रस्त्यावर नाणं पडलेलं असेल तर ते छापा आहे की काटा, हे मला सीटवर बसल्या बसल्या कळत होतं. रेल्वे फाटकावरून गेलो तेव्हा माझा चष्मा नाकावरून हनुवटीवर आला. तू मात्र देवळात बसल्यासारखी ताठ. घरी परतल्यावर मी उतरलो नाही, गाडीतून ओतलो गेलो. मीना ओसरीवर उभी होती. तिनं विचारलं, "कशी आहे गाडी?" मी म्हणालो, "उत्तम. फक्त मला आत घेऊन चला."

त्या दिवशी जेवताना तू मला पहिला धडा दिलास. दोष एकट्या स्प्रिंगांचा नाही, म्हणालीस. टायर रनफ्लॅट आहेत. मी बँकेत जन्म काढलेला माणूस, मला टायर म्हणजे काळं, गोल आणि पंक्चर होणारं एवढंच ठाऊक. तू ताटातला फुलका उचललास.

"साधं टायर म्हणजे हा. आत हवा आहे तोवर फुगलेला. हवा गेली की बसला." आणि फुलक्याला बोट टोचून दाखवलंस. "रनफ्लॅट म्हणजे बाटी. त्याच्या बाजूच्या भिंती इतक्या जाड आणि कडक असतात की आतली हवा गेली तरी गाडी त्या भिंतींवर उभी राहते. हळूहळू चालवत नेता येते, चांगली लांबपर्यंत."

"म्हणजे मी बाटीवर बसून प्रवास करायचा?"

"पोचायचं असेल तर."

बस्स. पुढची पाच वर्षं आपण या एका वाक्याच्या दोन बाजूंना उभे राहिलो. तू पोचण्याच्या बाजूला. मी बसण्याच्या.

आणि मी काही गप्प बसलो नाही, हे तू मान्य करशील. मी फोनवर वाचायला लागलो. रात्रंदिवस टायर, स्प्रिंग, शॉकर. मीना म्हणायची, आमच्या लग्नाच्या वेळी यांनी माझा फोटोसुद्धा इतका निरखून पाहिला नव्हता. सकाळी तुझ्या दारात येऊन मी ताजी माहिती द्यायचो. "अक्का, रनफ्लॅट वजनाला जड असतात. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली पडतं, ते वाढलं की चाक खड्ड्यातून चटकन वर येत नाही."

"बरोबर."

"आणि तुझे टायर बुटके आहेत. रिम मोठी, रबर नावाला. मधे गादीच नाही."

"तेही बरोबर."

"मग बदल ना!"

"सगळं बरोबर आहे म्हणून बदलायचं, असं कुठे असतं?"

एकदा तू फार गंभीरपणे म्हणालीस, "टायर आणि सस्पेन्शन हे नवरा-बायको आहेत, सुध्या. एक कडक असेल तर दुसऱ्यानं मऊ असावं, मग संसार होतो. या गाडीत दोघंही कडक आहेत."

"मग एकाला बदल."

"लग्न झाल्यावर बदलतात का कुणी?"

"तू लग्नच केलं नाहीस, तुला काय माहीत?"

"म्हणून तर माहीत," तू म्हणालीस. मीना स्वयंपाकघरातून इतकी हसली की दूध उतू गेलं.

ताकाचा प्रयोग आठवतो? मी म्हणालो होतो, माझी गाडी जुनी असेल, पण गादीसारखी आहे. तू म्हणालीस, इंजिनिअर मताला मत म्हणत नाही, मोजून दाखव. मग तू ताकाचा पेला काठोकाठ भरून माझ्या मांडीवर ठेवलास, मीनाला साक्षीदार म्हणून मागे बसवलंस, आणि एक फेरी तुझ्या गाडीतून आणि तीच फेरी माझ्या गाडीतून काढायची ठरली. दोन्ही वेळा चालवणार तू, म्हणजे पक्षपात नको.

तुझ्या गाडीत ताक थेंबाथेंबानं उडत राहिलं. प्रत्येक लहान भेगेला एक शिंतोडा, रस्त्याच्या प्रत्येक ठिगळाला दुसरा. परत येईपर्यंत माझ्या शर्टावर कढीची फोडणी बसल्यासारखी नक्षी झाली होती. मी विजयी मुद्रेनं उतरलो. मग माझी गाडी. पहिला अर्धा रस्ता काय सांगू! पेल्यातलं ताक हललंसुद्धा नाही. मी तुझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसत होतो. मग गतिरोधक आला. गाडी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली, गतिरोधक मागे राहिला तरी आपण त्याच्यावरच होतो. त्यात तू वळण घेतलंस. गाडी होडीसारखी कलली आणि अख्खा पेला माझ्या मांडीत आला. मागून मीनाचा आवाज आला, "वन्सं, थांबवा. आत्ताच्या आत्ता थांबवा."

मीना रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली डोकं धरून बसली, मी ताकात भिजलेला, आणि तू बॉनेट दाबून बघत होतीस. "तुझे शॉकर गेलेत," म्हणालीस. "स्प्रिंगचं काम धक्का झेलायचा. तो झेललेला धक्का संपवायचं काम शॉकरचं. तुझ्या गाडीत धक्का येतो आणि पाहुण्यासारखा मुक्काम करतो. माझ्या गाडीत येतो आणि जातो."

"येतो तेव्हा दार तोडून येतो!" मी ओरडलो.

मीना मान खाली घालूनच म्हणाली, "मी चालत घरी येते. तुम्ही दोघं भांडून या."

मऊ गाडी म्हणजे आरामशीर गाडी नव्हे, हे त्या दिवशी मला पटलं. तुला मात्र कबूल केलं नाही. शर्ट वाळत घालताना मनातल्या मनात केलं.

आणि आमच्या गौरीचं लग्न. ते मी कसं विसरेन? मुलाकडचे गुरसरायचे, आपल्यासारखेच कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले, घरात देवपूजा मराठीत आणि भांडण हिंदीत. लग्न त्यांच्याच गावी होतं. मीना, गौरी, सगळं वऱ्हाड सकाळीच बसनं पुढे गेलं. झाशीत आपल्या पद्धतीनं लग्न लावणारे गुरुजी एकच, आणि त्यांना सकाळी एक वास्तुशांत उरकायची होती. म्हणून ठरलं की अक्का गुरुजींना घेऊन मागून येईल. गुरुजींची सोबत म्हणून मी थांबलो. म्हणजे बघ, लग्न लावणारा आणि कन्यादान करणारा, दोघंही तुझ्या गाडीत.

टहरौलीच्या अलीकडे समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

"अक्का, हे काय?"

"मागच्या डाव्या चाकातली हवा गेली."

"मग थांबव!"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? चाक बदलायला!"

"बदलणार कशानं? स्टेपनी नाहीये या गाडीत. रनफ्लॅटवाल्या गाडीत देतच नाहीत."

इतकी वर्षं त्या गाडीत बसत होतो, आणि हे मला तेव्हा कळलं. मागून गुरुजींनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "स्टेपनी नाही?" आणि उत्तराची वाट न बघता डोळे मिटून स्तोत्र सुरू केलं. तू वेग कमी केलास आणि चालवत राहिलीस. आधीची ती गाडी स्वर्ग होती, हे आम्हाला आता समजायला लागलं. हवा नसलेली बाटी डांबरावर आपटत होती. गुरुजींच्या तोंडून प्रत्येक खड्ड्याला एकेक समास सुटा होऊन बाहेर पडत होता. मी घड्याळाकडे बघत होतो, तू रस्त्याकडे. एकदाच म्हणालीस, "सुध्या, घड्याळाकडे बघून रस्ता कमी होत नाही. गौरीसाठी काय बोलायचं ते ठरवून ठेव. नंतर तुला सुचणार नाही."

मुहूर्ताच्या आधी आपण मांडवाच्या दारात होतो. तू इंजिन बंद केलंस, मागे वळलीस आणि विचारलंस, "पोचलो का?"

पोचलो होतो. पण गुरुजींना सरळ होता येईना. ते कंबरेतून वाकलेलेच उतरले. त्यांच्यामागून मी, तसाच. दोघंही वाकून, हात जोडून, मांडवात शिरलो. वरपिता भारावून गेले. त्यांनी आपल्या भावाला सांगितलेलं मी कानांनी ऐकलं, "देखा? संस्कार इसे कहते हैं. लड़की के पिता ही नहीं, पंडितजी तक झुके हुए हैं." अख्खं लग्न गुरुजींनी काटकोनात लावलं. आजही गुरसरायला आपल्या घराण्याच्या नम्रतेचं नाव आहे, आणि ते त्या मागच्या डाव्या चाकानं मिळवलेलं आहे.

त्यानंतर "पोचलो का?" हे तुझं शस्त्र झालं. मी काहीही तक्रार केली की तू तेवढंच विचारायचीस. मी म्हणायचो, "पोचलो, पण कशा अवस्थेत?" तू म्हणायचीस, "अवस्था हा वेगळा विषय आहे."

मग तुझीच अवस्था हा विषय झाला.

आजार मणक्यात उतरला आहे, असं ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू त्यांना विचारलंस की रेडिएशनच्या मशीनची तपासणी कोण करतं. त्यांना वाटलं तू घाबरून काहीबाही बोलतेयस. मला माहीत होतं, तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. रेडिएशनसाठी सारखं ग्वाल्हेरला जावं लागणार होतं आणि गाडी चालवायला तुला बंदी झाली. मी म्हणालो, माझ्या गाडीतून जाऊ, नवे शॉकर टाकून घेतो. तू म्हणालीस, "तुझ्या गाडीत उलटी होते. माझ्या गाडीत नुसतं दुखतं. दुखलेलं चालेल."

तर मी तुझी गाडी चालवायला लागलो आणि तू माझ्या जागेवर बसलीस. पहिल्याच फेरीत मला कळलं. तू खिडकीवरचं हँडल धरलं होतंस आणि रस्त्याच्या प्रत्येक सांध्याला तुझी बोटं पांढरी पडत होती. तोंडातून आवाज नाही. तक्रार केली असतीस तर मी निदान भांडलो असतो. तू रेडिओचा आवाज वाढवलास.

दुसऱ्याच दिवशी मी टायरवाल्या पप्पू भैयाकडे गेलो. तो म्हणाला, "जिज्जी को पता है?"

"नहीं."

"तो हम हाथ नहीं लगाएँगे. जिज्जी हमें यहीं गाड़ देंगी."

सगळं प्रेम नगर तुला थोरल्या बहिणीसारखं जिज्जी म्हणायचं आणि सगळं प्रेम नगर तुला घाबरायचं. मी त्याला ग्वाल्हेरचं सांगितलं. तो पोराला चहा आणायला सांगून स्वतः चाकाजवळ उकिडवा बसला, अंगठ्यानं टायरची भिंत दाबून बघितली, आणि पुटपुटला, "जे तो बड़े कर्रे हैं. जिज्जी इन पे कैसे बैठती रहीं?" स्प्रिंगांना हात लावायचा नाही, असं आमचं ठरलं. रिम एक नंबर लहान घ्यायची, तिच्यावर उंच भिंतीचं साधं टायर चढवायचं, म्हणजे चाक बाहेरून तेवढंच राहतं आणि मधे रबराची गादी वाढते. डिकीत एक स्टेपनी. हे सगळं मी तुला न विचारता केलं आणि रात्रभर तुझं भाषण मनात ऐकत पडलो.

पुढच्या फेरीला तू बसलीस. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला. गाडी त्याच्यावरून गेली. तू माझ्याकडे बघितलंस.

"टायर बदललेस."

"हो."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

रेल्वे फाटक गेलं. शहर मागे पडलं. मग म्हणालीस, "हवा किती ठेवलीस?"

मी सांगितलं.

"दोननं कमी कर. गाडीत दोनच माणसं असतात."

अक्का, आयुष्यात तू मला दिलेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

त्या दिवशी परत येताना डबरा मागे पडलं आणि मी काहीतरी विचारलं तर तुझं उत्तर आलं नाही. बघतो तर तू झोपली होतीस. मान एका बाजूला, तोंड उघडं, चक्क घोरत होतीस. कित्येक रात्री तू बसून काढल्या होत्यास, मीना मला सांगायची. आणि आता त्या गाडीत, ज्या गाडीत पाच वर्षांत कुणाला डुलकीसुद्धा लागली नव्हती, तू गाढ झोपली होतीस. मी हॉर्न वाजवायचं सोडून दिलं. ट्रकवाले मागून शिव्या देत होते, त्यांना देऊ दिल्या. हा रस्ता झाशीला संपतो याचं मला वाईट वाटायला लागलं.

दतियाच्या अलीकडे स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं आणि खालून फडफड ऐकू आली.

मी गाडी कडेला घेतली. तू डोळे उघडलेस आणि अर्धवट झोपेत विचारलंस, "पोचलो का?"

"नाही," मी म्हणालो. "पंक्चर."

अक्का, आजारपण सुरू झाल्यापासून तुझ्या चेहऱ्यावर असा आनंद मी पाहिला नव्हता. "मी सांगत होते," तू म्हणालीस. "फुलका!"

समोर चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं प्लॅस्टिकची खुर्ची आणली, त्यावर गाडीतली उशी ठेवली आणि तुला बसवलं. मी जॅक काढला. पुढचं चाक वर उचललं आणि मग बोल्ट सैल करायला गेलो, तर पान्याबरोबर अख्खं चाकच गोल फिरायला लागलं. "आधी बोल्ट सैल करतात, मग जॅक लावतात," तू चहाचा घोट घेत म्हणालीस. मी जॅक उतरवला. तोवर माणसं जमली होती. एक म्हणाला, जॅक उलटा लावलाय. दुसरा म्हणाला, गाडी पुढे ढकला. तिसऱ्यानं या रंगाच्या गाड्या पंक्चर होतातच असं सांगितलं. तू खुर्चीतून म्हणालीस, "भैया, सलाह सब दे रहे हैं, पाना कोई नहीं पकड़ रहा." मग मात्र दोघंजण पुढे आले.

चाक बसलं, माणसं पांगली, मी हात धुऊन तुझ्याजवळ बाकावर बसलो. दुसरा चहा आला. तू रस्त्याकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "टहरौलीहून येताना असंच झालं होतं. जुन्या गाडीचं चाक बसलं. जॅक मातीत रुतायला लागला. अशीच माणसं जमली. वाईट नव्हती. एकानं विचारलं, घर में कोई मर्द नहीं है? बुला लो किसी को."

मला हे ठाऊक नव्हतं. "मग मला फोन का नाही केलास?"

"तुला फोन केला असता, तर त्यांचं बरोबर ठरलं असतं." तू हसलीस. "जॅकखाली वीट घातली आणि चाक बदललं. घरी आले. दुसऱ्या दिवशी ठरवलं, आता अशी गाडी घ्यायची जी चाक फुटलं तरी थांबत नाही. मग ती कडक असो की मऊ."

पाच वर्षं, अक्का. पाच वर्षं मी तुला भिंतींची जाडी आणि स्प्रिंगांची लांबी समजावून सांगत होतो, आणि तू "बरोबर, तेही बरोबर" म्हणत ऐकून घेत होतीस.

मी काहीतरी बोलणार होतो, पण तूच उठायला हात पुढे केलास. गाडीत बसल्यावर म्हणालीस, "चल, तू हरलास. थांबावं लागलं."

"तू हरलीस. तुला झोप लागली होती."

"झोप हा वेगळा विषय आहे."

"थांबून तू दोन चहा प्यालीस. पाच वर्षांत या गाडीतून जाताना एकदा तरी थांबलो होतो का आपण?"

झाशी येईपर्यंत भांडलो. निकाल लागला नाही. त्यानंतर फार फेऱ्या झाल्या नाहीत. शेवटी शेवटी तुला बोलायचा त्रास व्हायचा, तर मी तुझ्या पलंगाशी बसून दोन्ही बाजू एकट्यानंच मांडायचो. तुझी बाजू नीट मांडली नाही की तू डोळे वटारायचीस.

एक गोष्ट बोलायची राहून गेली, ती आता सांगतो. कंबर धरून, कुरकुरत, फिजिओथेरपीवाल्याकडे खेटे घालत मी तुझ्या गाडीत बसत राहिलो. बाजारात, बँकेत, डॉक्टरकडे, टहरौलीलासुद्धा. माझं तिथं काय काम होतं? मुली शिकायच्या आणि मी कॉलेजच्या व्हरांड्यात पेपर वाचायचो. माझ्या दारात माझी गाडी होती. तू कधी विचारलं नाहीस की एवढं दुखतं तर येतोस कशाला. विचारलं असतंस तर मी टायरबद्दल काहीतरी बोललो असतो. खरं एवढंच होतं, की सबंध दिवसात तू माझ्याशी भांडायला मोकळी असायचीस ती तिथंच.

अस्थी घेऊन आम्ही ओरछाला गेलो. तुझी गाडी गौरीनं चालवली. मी मागे, कलश मांडीवर, दोन्ही हातांनी धरून. घाटावर उतरलो. बेतवेला तिथं दगड फार. पाणी त्यांच्यावर आपटत, फेस काढत चाललं होतं.

"बाबा, यहीं ठीक है ना?" गौरी म्हणाली. "सब यहीं करते हैं."

"इथं दगड आहेत."

"तो?"

माझं मलाच ते वेड्यासारखं ऐकू आलं होतं. गौरीनं माझ्याकडे बघितलं, कलशाकडे बघितलं. मग चपला काढून हातात घेतल्या, माझा कोपर धरला, आणि आम्ही काठाकाठानं वरच्या अंगाला चालायला लागलो. मागून एक नाववाला ओरडला, "बाबूजी, उधर कुछ नहीं है!" आम्ही चालत राहिलो. एका वळणापलीकडे पाणी पसरट आणि शांत झालं होतं, हलतंय की नाही कळू नये इतकं. तिथं आम्ही गुडघाभर आत उतरलो.

गौरीला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र ती हिंदीत घसरते, म्हणून तू तिला नेहमी रागवायचीस. तिनं हात जोडले. थोडा वेळ शब्द शोधत राहिली. मग आपल्याकडे घरातून निघणाऱ्या माणसाला म्हणतात तसं, अगदी हळू म्हणाली, "आत्या, सावकाश जा हं."

मी कलश पाण्यालगत नेऊन तिरपा केला, आणि तू कुठेही न आदळता निघून गेलीस.